केस वाढविण्यासाठी नव्हे, राखण्यासाठी तेल

नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान असो की रविवारचे न्हाणे, मराठी घरांत डोक्याला तेल लावण्याची प्रथा जुनी आहे. पूर्वी घरातले खोबरेल त्यासाठी पुरेसे होते. आता माका, ब्राह्मी, जास्वंद, कांदा अशा नाना नावांच्या बाटल्या दुकानांत मांडलेल्या असतात आणि त्यांतल्या अनेकींवर केस लांब होण्याचे आश्वासन असते. तेलाने केस खरोखरच वाढतात का, याचे उत्तर केसाच्या रचनेत दडलेले आहे.

त्वचेबाहेर दिसणारा केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा निर्जीव धागा असतो. त्याची वाढ होते ती त्वचेखालच्या मुळाशी, आणि तिचा वेग महिन्याला साधारण १ सेंटिमीटर इतका असतो. हा वेग तसेच वाढीचा काळ प्रामुख्याने आनुवंशिकता, वय, संप्रेरके आणि पोषण यांवर ठरतो. वरून लावलेल्या तेलाने तो वाढतो, असा भक्कम पुरावा नाही. दाट केसांसाठी एरंडेलाची ख्याती मोठी असली, तरी तेही याला अपवाद नाही.

मग काहींची वेणी वर्षानुवर्षे तेवढीच का राहते? ६० सेंटिमीटर लांबीच्या केसाचे टोक सुमारे ५ वर्षांचे असते. तेवढ्या काळात त्याने शेकडो न्हाणी, ऊन, धूळ आणि कंगव्याचे ओरखडे सोसलेले असतात. त्यामुळे टोकांना फाटे फुटतात आणि केस तुटू लागतो. मुळाशी सेंटिमीटरभर वाढ आणि टोकाशी तेवढीच तूट, असा हिशेब झाला की लांबी जागच्या जागी राहते. तेलाचा खरा उपयोग ही तूट कमी करण्यासाठी आहे.

खोबरेलाचे वेगळेपण

पाण्यात भिजला की केस फुगतो आणि वाळला की आकसतो. वारंवार असे झाल्याने त्यावरचे खवल्यांसारखे आवरण सैल होते व आतील प्रथिनांची झीज होते. याविषयी मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची त्यात तुलना होती. न्हाण्यापूर्वी किंवा नंतर लावले असता केसांतील प्रथिनांची झीज लक्षणीयरीत्या रोखणारे तेल खोबरेलच ठरले. मॅरिको स्वतः खोबरेल विकते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. मात्र त्यामागील कारण रसायनशास्त्राला धरून आहे. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू आकाराने लहान व सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो. खनिज तेल मात्र पृष्ठभागावरच राहते. त्याने केसांना चमक येते आणि गुंता कमी होतो, इतकेच.

तेल कसे लावावे?

न्हाण्याच्या काही तास आधी किंवा आदल्या रात्री थोडेसे तेल केसांच्या मधल्या भागापासून टोकांपर्यंत लावावे. तेथील केस सर्वांत जुना आणि जीर्ण असतो. थंडीत खोबरेल गोठले, तर बाटली कोमट पाण्यात ठेवावी. जोरजोराने चोळल्यास केस तुटतात. शाम्पू किंवा शिकेकाई मुख्यतः डोक्याच्या त्वचेला लावावी. ओला केस सर्वांत कमकुवत असतो, म्हणून रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर असा गुंता सोडवावा. केस घट्ट बांधण्याची सवय मुळांनाच इजा करते व तिच्यावर तेलाची मात्रा चालत नाही.

कोंडा असलेल्यांनी डोक्याच्या त्वचेवर तेल थापू नये. कोंड्याशी संबंधित मॅलॅसेझिया ही बुरशी तेलातील स्निग्ध आम्लांवर पोसते. त्यामुळे कोंडा ‘कोरडेपणाचा’ समजून तेल वाढविले, तर तो बळावण्याची शक्यता असते.

येथे तेल थांबते

दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. बाळंतपणानंतर किंवा डेंग्यू, टायफॉइडसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मोठ्या प्रमाणावर गळतात व बहुधा आपोआप पूर्ववत होतात. त्याच सुमारास लावलेल्या तेलाला याचे श्रेय सहज मिळून जाते. लोहाची कमतरता आणि थायरॉइडचे विकार मात्र रक्ततपासणीनेच उघड होतात.

भांग रुंदावत असेल, चाईसारखे गोल चट्टे पडत असतील किंवा कपाळाकडचे केस मागे हटत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये. आनुवंशिक टक्कल पडताना मुळे हळूहळू बारीक होत जातात, आणि औषधांना उरलेले केस राखणे जितके साधते तितके गेलेले परत आणणे साधत नाही. अशा वेळी एकामागून एक तेले बदलण्यात गेलेले वर्ष बाटलीच्या किमतीपेक्षा कितीतरी महाग पडते.