लस टोचली, तरी गाईला लम्पी का झाला?

या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना लोकलच्या गर्दीत नीट ऐकू आलं नाही, त्यांनी निवांत वाचा.

मी सॉफ्टवेअरवाला, पशुवैद्य नाही. पण आमच्या उल्हासनगरातून अंबरनाथ-बदलापूर ओलांडून गावांकडे गेलं की गोठे आणि तबेले लागतात. तिथे २०२२पासून एक वाक्य ऐकू येतं : "लस टोचली, तरी गाईला लम्पी झालाच. मग टोचायची कशाला?"

यावर "अफवांवर विश्वास ठेवू नका" हे उत्तर चालणार नाही. कारण बऱ्याचदा तो माणूस खरंच सांगत असतो. फक्त गोठ्यात जे दिसलं, त्याचा अर्थ वेगळा असतो.

बकरीची लस गाईला?

आधी थोडी पार्श्वभूमी. लम्पी हा देवीच्या कुळातल्या विषाणूचा आजार. माशा, डास, गोचीड यांच्यामार्फत तो पसरतो. २०२२च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला तो आढळला आणि मग राज्यभर गेला. महाराष्ट्रात २०१९च्या पशुगणनेनुसार सुमारे १ कोटी ४० लाख गोवंश आहे. सरकारनं सगळ्यांना मोफत लस द्यायचं ठरवलं.

लस कोणती, तर शेळ्यांच्या देवीची, म्हणजे गोट पॉक्सची. अनेकांना इथेच शंका आली. पण शेळी, मेंढी आणि लम्पी या तिन्ही विषाणूंची जनुकीय रचना सुमारे ९७ टक्के सारखी आहे. एकाला ओळखायला शिकलेलं शरीर दुसऱ्यालाही ओळखतं. १७९६मध्ये जेन्नरनं हेच केलं होतं : गाईच्या देवीनं माणसाला वाचवलं. 'व्हॅक्सिन' हा शब्दच गाईसाठीच्या लॅटिन शब्दावरून आला. खास लम्पीसाठीची 'लम्पी-प्रोव्हॅक' ही लस हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी तयार केली, तीही ऑगस्ट २०२२मध्येच जाहीर झाली.

टोचल्यावर आत काय होतं?

या लशीत जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो. तो शरीरात थोडा वाढतो. पहिल्या एक-दोन दिवसांत अंग गरम होतं, टोचल्या जागी सूज येते, दूध थोडं कमी होतं. ही शरीर कामाला लागल्याची खूण. मग विशेष पेशी तयार होतात : काही अँटिबॉडी बनवतात, काही विषाणू शिरलेल्या पेशीच मारतात. लम्पीत या दुसऱ्या फौजेचा वाटा मोठा. त्यामुळे रक्ततपासणीत अँटिबॉडी कमी दिसल्या म्हणजे लस वाया गेली, असं समजू नये.

मुद्दा हा, की या सगळ्याला वेळ लागतो. पुरेसं संरक्षण यायला साधारण तीन आठवडे. आणि विषाणू शिरल्यापासून गाठी दिसायला एक-दोन आठवडे, कधी चारही. आता हिशोब करा. गावात साथ आली, लस सोमवारी टोचली, पण माशी आधीच्या शुक्रवारी चावून गेली होती. दहा दिवसांनी गाठी आल्या. गोठ्यातून बघणाऱ्याला वाटतं, लशीमुळे आजार झाला. खरं तर लस उशिरा पोचली. म्हणूनच साथ दाराशी येण्याआधी टोचायची असते.

लाळ्या-खुरकुताचं गणित वेगळं

ही लस सहा महिन्यांनी परत का, हा तबेल्यांतला दुसरा प्रश्न. लाळ्या-खुरकुताच्या लशीत मेलेला विषाणू असतो. तो वाढत नाही, त्यामुळे शरीराची आठवण लवकर पुसट होते. पहिल्यांदा टोचलेल्या जनावराला महिनाभरानं बूस्टर लागतो, मग दर सहा महिन्यांनी डोस. शिवाय ओ, ए आणि एशिया-१ हे तीन प्रकार एकमेकांपासून वाचवत नाहीत, म्हणून लशीत तिन्ही घालावे लागतात. देशभरची मोफत मोहीम २०१९पासून सुरू आहे.

वासरू आणि खरवस

आता सर्वांत नाजूक भाग. माणसाच्या बाळाला अँटिबॉडी पोटातच मिळतात. वासराला नाही. गाई-म्हशीच्या वारेतून त्या जात नाहीत, त्या फक्त चिकातून मिळतात. आणि वासराचं आतडं त्या शोषतं ते पहिल्या दिवसापर्यंतच. जेवढा उशीर, तेवढं कमी. म्हणून खरवस नंतर, आधी वासरू!

पण आईकडून आलेल्या याच अँटिबॉडी लशीचाही बंदोबस्त करतात. फार लवकर टोचलं तर लस कामाला लागण्याआधीच निष्प्रभ होते. म्हणून लस घेतलेल्या आईच्या वासराला साधारण चार ते सहा महिन्यांनी टोचतात. मधल्या काळात, आईच्या अँटिबॉडी ओसरल्या आणि स्वतःच्या तयार नाहीत, तेव्हा वासरू उघडं पडतं. गोचीड-माशांचा बंदोबस्त तेव्हा सर्वांत महत्त्वाचा.

मग काय करायचं?

- टोचल्याची तारीख आणि कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर वहीत लिहा.
- लस बर्फाच्या डब्यातून आली का, विचारा. २ ते ८ अंश तापमान लागतं.
- प्रत्येक जनावराला नवी सुई मागा.
- जंत झालेलं, अशक्त जनावर लशीला नीट प्रतिसाद देत नाही. जंताचं औषध आधी द्या.
- आजारी जनावराला टोचू नका, वेगळं बांधा आणि डॉक्टरांना बोलवा.

लस म्हणजे शंभर टक्के हमी नाही. पण टोचलेल्या गाईला लम्पी झाला तरी तो बहुधा सौम्य होतो. जिची एकच गाय आहे आणि त्या दुधावर घर चालतं, तिच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

प्रश्न असतील तर कळवा. भेटू पुढच्या भागात!