टाचेची शीर शिवल्यानंतर

पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडणारी कंडरा ही माणसाच्या शरीरातली सर्वांत जाड आणि बळकट कंडरा आहे. डॉक्टर तिला अकिलीस टेंडन म्हणतात, रुग्ण ‘टाचेची शीर’ म्हणतात. लांबी साधारण 15 सेंटिमीटर. दर पावलाला टाच जमिनीवरून उचलायची आणि शरीर पुढे ढकलायचे, हे तिचे काम. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो.

एवढी दणकट असूनही ती तुटते, आणि बहुधा टाचेच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात तुटते, कारण तिथे रक्तपुरवठा कमी असतो. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी टर्फवर क्रिकेट किंवा बॅडमिंटन खेळायला उतरणारे तिशी ते पन्नाशीतले पुरुष हे या दुखापतीचे नेहमीचे रुग्ण. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातली प्रतिजैविके आणि स्टेरॉइड यांनीही कंडरा कमकुवत होऊ शकते. तुटताना ‘फट्’ असा आवाज होतो. मागून कोणीतरी जोरात लाथ घातली असे वाटून खेळाडू वळून बघतो, तर मागे कोणीच नसते.

घोटा मुरगळला असेल म्हणून सुरुवातीचे काही दिवस वाया जाण्याचे प्रकार पुष्कळ घडतात. इतर स्नायूंच्या जोरावर पाऊल थोडेफार खाली वळते, लंगडत का होईना चालताही येते, त्यामुळे घरचे निर्धास्त राहतात. खरे तर निदान सोपे आहे. रुग्णाला पालथे झोपवून, पाऊल पलंगाच्या कडेबाहेर ठेवून डॉक्टर पोटरी दाबतात. शीर शाबूत असेल तर पाऊल आपोआप खाली झुकते. तुटली असेल तर जागचे हलत नाही.

तुटलेली टोके सुंभाच्या उसवलेल्या टोकांसारखी विस्कटलेली असतात. शस्त्रक्रियेत ती जुळवून जाड धाग्याने शिवतात. मात्र प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. नॉर्वेतल्या 526 रुग्णांच्या पाहणीचे निष्कर्ष 2022 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर पायाची एकंदर स्थिती शस्त्रक्रिया झालेल्यांत आणि न झालेल्यांत सारखीच आढळली. फरक होता तो पुन्हा तुटण्याच्या प्रमाणात: शस्त्रक्रियेविना 6.2 टक्के, शस्त्रक्रियेनंतर 0.6 टक्के. उलट संवेदना-मज्जातंतूला इजा होण्याचे प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्यांत जास्त होते. म्हणजे शिवण ही फक्त सुरुवात. पाय कसा होणार हे पुढचे काही महिने ठरवतात. शस्त्रक्रिया तासाभराची आणि सावरणे वर्षभराचे, हा हिशेब रुग्णाला आधीच सांगितलेला बरा.

शिवलेल्या जागी पहिले काही दिवस सूज आणि दाह असतो. मग शरीर तिथे नवे कोलॅजन भरू लागते. हे कोलॅजन घाईघाईने तयार झालेले, पातळ आणि अस्ताव्यस्त धाग्यांचे असते. त्याच्या जागी हळूहळू जाड, बळकट धागे येतात आणि ताणाच्या दिशेने एका ओळीत लागतात. हे काम वर्षभर, कधी त्याहूनही जास्त चालते. धाग्यांना दिशा मिळायला थोडा ताण हवाच. तो अजिबात मिळाला नाही तर कंडरा कच्ची राहते आणि भोवतालच्या त्वचेला चिकटते. म्हणून पूर्वीसारखे सहा-आठ आठवडे सलग प्लास्टरमध्ये ठेवण्याची पद्धत आता मागे पडली आहे.

पहिले दोन आठवडे मात्र विश्रांतीचे. पाऊल खाली झुकवलेल्या स्थितीत, मागच्या बाजूने अर्धे प्लास्टर घालून बांधतात, म्हणजे शिवणीवर ताण येत नाही. पाय हृदयापेक्षा उंच राहील असा दोन-तीन उशांवर ठेवायचा. पाय खाली सोडला की दोन मिनिटांत बोटे जांभळट होतात आणि जखमेत ठणका लागतो. हे घाबरण्यासारखे नसते, पण पाय वर घेण्याची ती सूचना असते. टाचेमागची त्वचा पातळ असते, तिच्याखाली मांस जवळपास नसते. त्यामुळे इथली जखम भरायला कुरकुर करते. मधुमेह असेल किंवा सिगारेट सुटत नसेल तर जास्तच. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. जखमेतून पाणी किंवा पू येणे, कडा काळ्या पडणे, ताप येणे यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठावे. जखमेवर हळद किंवा कसलाही लेप लावू नये.

या काळातला दुसरा धोका बाहेरून दिसत नाही. पोटरीचे स्नायू आवळले की पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. पाय निश्चल राहिला की हा पंप बंद पडतो आणि खोलवरच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी होऊ शकते. काहींना म्हणूनच रक्त पातळ करणारी औषधे देतात. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, तर ती चोळू नये, तेल लावून मालीश तर मुळीच करू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. धाप लागली किंवा छातीत कळ आली तर थेट रुग्णालय.

टाके निघाल्यावर बहुतेकांना गुडघ्याखालपर्यंत येणारा, पट्ट्यांनी आवळायचा बूट मिळतो. त्यात टाचेखाली पाचरी घातलेल्या असतात, म्हणजे पाऊल खाली झुकलेलेच राहते. कुबड्यांच्या आधाराने पायावर थोडे थोडे वजन टाकायला सुरुवात होते. दर आठवड्या-पंधरवड्याला एकेक पाचर काढतात आणि सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पाऊल सपाट होते. नेमके वेळापत्रक शल्यचिकित्सकागणिक बदलते, त्यामुळे शेजाऱ्याचा बूट कधी निघाला याच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. बुटाचा तळवा जाड असल्याने दुसरा पाय आखूड पडतो आणि कंबर धरते. त्या पायात जाड तळव्याचे पायताण घातले की प्रश्न सुटतो.

या टप्प्यावर बहुतेकांची एक समजूत घात करते. पाय आखडला आहे, तो मोकळा करायला ताणला पाहिजे, असे रुग्णाला वाटते आणि घरच्यांना त्याहून जास्त वाटते. कोणी चवडा धरून नडगीकडे ओढते, कोणी मालीशवाल्याला बोलावते. इतर सांध्यांच्या बाबतीत ही समजूत बऱ्याच अंशी खरी असेलही, इथे ती उलटी आहे. कच्ची कंडरा ताणली गेली की न तुटताच लांबते आणि लांबलेलीच भरते. पोटरीच्या स्नायूला मग पूर्ण आकुंचन पावूनही टाच पुरेशी उचलता येत नाही. चालताना त्या बाजूला पाऊल ढिले पडते, जिना चढताना जोर लागत नाही. आखडलेला घोटा काही महिन्यांच्या व्यायामाने मोकळा होतो. लांबलेली शीर व्यायामाने आखूड होत नाही. म्हणून पहिले तीन महिने घोटा वर ओढण्याची मर्यादा काटकोनाशी, म्हणजे तळपाय आणि नडगी यांच्यात 90 अंश, एवढ्यावरच थांबवतात. खाली झुकवण्याला तेवढी हरकत नसते.

हा नियम आपल्या घरांमध्ये पाळणे किती अवघड असते, हे नुसत्या छापील सूचना वाचून कळत नाही. उकिडवे बसताना घोटा काटकोनापेक्षा कितीतरी वर दुमडतो. म्हणजे भारतीय पद्धतीचे शौचालय काही महिने बाद. घरात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. फरशी पुसायला, भाजी निवडायला, देवघरापुढे बसायलाही खुर्चीच बरी. चपला दाराबाहेर काढायच्या आणि घरात अनवाणी वावरायचे, ही आणखी एक सवय. बूट सुटल्यावरचे पहिले काही आठवडे अनवाणी चालल्याने शिवणीवर एकदम ताण येतो. घरात वापरायला वेगळी, थोड्या उंच टाचेची आणि मागून पट्टा असलेली पायताणे ठेवली की काम भागते.

पुन्हा तुटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो पहिल्या तीन महिन्यांत, आणि तेव्हा शीर खेळताना क्वचितच तुटते. ओल्या न्हाणीघरात पाय सटकतो, अंधारात जिन्याची शेवटची पायरी चुकते, रात्री लघवीला उठताना बूट न घालताच चार पावले टाकली जातात. तोल सावरायला पाऊल आपोआप जोरात खाली रोवले जाते आणि त्या एका झटक्यात शिवण उसवते. स्टुलावर बसून अंघोळ करणे, न्हाणीघराच्या भिंतीला दांडी बसवून घेणे, रात्री दिवा चालू ठेवणे या गोष्टी म्हणूनच औषधाइतक्या महत्त्वाच्या. जिन्यासाठी फिजिओथेरपिस्ट सोपा नियम शिकवतात: चढताना चांगला पाय आधी, उतरताना शिवलेला पाय आधी.

व्यायामाची सुरुवात बुटाच्या काळातच होते. खुर्चीत बसून बोटे हलवणे, गुडघा सरळ करणे, घोटा मर्यादेत खालीवर करणे एवढेच तेव्हा जमते. बूट सुटला की पोटरीकडे लक्ष जाते आणि बहुतेकांना धक्का बसतो. दुसऱ्या पायाच्या मानाने ती चांगलीच रोडावलेली असते, हाताला मऊ लागते. बसून टाचा उचलणे, मग उभे राहून दोन्ही पायांनी चवड्यावर येणे, मग दोन्ही पायांनी वर जाऊन एका पायाने सावकाश खाली येणे, अशी चढण असते.

या चढणीतला खरा टप्पा म्हणजे फक्त शिवलेल्या पायावर उभे राहून टाच उचलणे. रुग्ण भिंतीसमोर उभा राहतो, बोटांची टोके फक्त तोलापुरती भिंतीला टेकवतो आणि गुडघा सरळ ठेवतो. पहिले अनेक आठवडे टाच जमिनीला खिळल्यासारखी राहते. शरीर चोरवाटा शोधते: गुडघा वाकतो, धड पुढे झुकते, हाताने भिंत ढकलली जाते. चांगला फिजिओथेरपिस्ट या चोऱ्या पकडतो. टाच बोटभर उचलली गेली तरी मोठी गोष्ट. हे काहींना चौथ्या महिन्यात जमते, काहींना सहाव्यात, आणि दुसऱ्या पायाइतकी उंची गाठायला वर्षही लागते. सांधा, जखम, सूज सगळे ठीक दिसत असले तरी पायाची खरी स्थिती या एका कृतीतून कळते.

कचेरीचे बैठे काम पाय वर ठेवण्याची सोय असेल तर दोन-तीन आठवड्यांत सुरू करता येते. दिवसभर उभे राहावे लागणाऱ्यांना, शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्यांना तीन ते सहा महिने लागतात, आणि रोजंदारीवर असलेल्यांची खरी ओढाताण इथे होते. मोटार चालवताना उजव्या पायाने एकदम ब्रेक दाबता आला पाहिजे. तोवर गाडी नको. मोटरसायकलवर डावा पाय गिअर बदलतो, उजवा मागचा ब्रेक दाबतो आणि गाडी थांबली की दोन्ही पायांवर भार येतो, तेव्हा कोणताही पाय शिवलेला असला तरी सुटका नाही.

हलके धावणे चार ते सहा महिन्यांनी, उड्या आणि झटकन वळण्याचे खेळ सहा ते नऊ महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा. तारखेपेक्षा ताकद महत्त्वाची. दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के जोर आल्याशिवाय मैदानावर उतरू नये, असे सांगतात. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमची शीर मार्च 2010 मध्ये तुटली, फिनलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि जूनमधला विश्वचषक हुकला. तो सप्टेंबरमध्ये मैदानावर परतला. मोहम्मद शमीने 2023 च्या विश्वचषकात 24 बळी घेतले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये लंडनमध्ये त्याच्या टाचेच्या शिरेवर शस्त्रक्रिया झाली. मध्येच गुडघ्याला सूज आली आणि परतणे लांबले. नोव्हेंबरमध्ये तो इंदूरला बंगालकडून रणजी सामना खेळला आणि भारतीय संघातून उतरला तो थेट जानेवारी 2025 मध्ये, राजकोटला. दिमतीला फिजिओ असलेल्या खेळाडूला इतका वेळ लागतो, तेव्हा सोसायटीच्या स्पर्धेसाठी चौथ्या महिन्यात पॅड बांधणाऱ्याला घरच्यांनीच अडवलेले बरे.

काही खुणा कायमच्या राहतात. शिवलेली कंडरा हाताला जाड लागते, पोटरीचा घेर दुसऱ्या पायापेक्षा थोडा कमीच राहतो. पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा आला असेल तर त्याचे कारण शस्त्रक्रियेत दुखावलेला बारीक मज्जातंतू. बधिरपणा बहुधा कमी होत जातो, काहींचा जात नाही. सकाळी उठल्यावर पहिली काही पावले अवघडलेली पडतात, नंतर पाय सुटतो. बुटाची मागची कड व्रणावर घासत असेल तर मऊ कडेचे बूट घ्यावे लागतात. शिवाय ज्याची एक शीर तुटली त्याची दुसरीही तुटण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून टाचा उचलण्याचा व्यायाम पुढेही दोन्ही पायांनी चालू ठेवायचा असतो.