चिठ्ठीवरचं गाव

कप्प्यात उताणा निजवलेला पक्षी, डोळ्यांच्या जागी कापूस, पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर गाव, तारीख, नर की मादी, आणि पक्षी मिळवणाऱ्याचं नाव. संग्रहालयातल्या नमुन्याची सारी किंमत या चिठ्ठीत असते. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत परभणीच्या वाट्याला अशा चिठ्ठ्या कमीच आल्या.

कारण सरहद्दीचं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 साली मुंबईत निघाली. 1911 मध्ये तिने सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली ती खानदेशापासून. थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला, तोही मुंबई इलाख्याचा. परभणी होती निजामाच्या राज्यात. पळसाला इलाखा आणि संस्थान यांतला फरक कळत नव्हता. कपाटांना मात्र कळत होता.

निजामाच्या मुलखातले पक्षी रीतसर नोंदले गेले ते 1931-32 मध्ये, सालिम अली यांच्या हैदराबाद संस्थान पक्षी सर्वेक्षणात. पगार नको, खर्च तेवढा द्या, अशा बोलीवर त्यांनी हे काम घेतलं होतं. वनस्पतींना त्याहून जास्त थांबावं लागलं. प्रा. व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा दोन खंडांचा ग्रंथ आला 1998 साली, कुक यांच्यानंतर तब्बल नव्वद वर्षांनी. म्हणून आज कोणी म्हणालं, की जुन्या संग्रहात अमुक झाड परभणीचं नाही, म्हणजे ते इथे नव्हतंच, तर मान डोलावू नये. झाड असेलही, बघायला कोणी आलं नसेल.

चिठ्ठी खोटी असली तर काय होतं, हे रानपिंगळ्याने दाखवलं. पक्षी-अभ्यासक ह्यूम यांनी 1873 मध्ये या घुबडाचं वर्णन केलं. पुढे जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे नमुने मिळवले. 1884 नंतर पक्षी दिसेना. फक्त रिचर्ड माइनर्ट्झहागन या इंग्रज पक्षीसंग्राहकाचा एक नमुना सांगत होता, की 1914 मध्ये तो गुजरातेत मांडवीला होता. शोधणारे त्या पत्त्यावर गेले आणि हात हलवत परतले. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. कातडं सोलण्या-भरण्याची तऱ्हा डेव्हिडसनची निघाली. माइनर्ट्झहागन यांनी ब्रिटिश संग्रहालयातून जुना नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी बांधली होती! मग मांडवी बाजूला ठेवून खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांकडे शोध वळला, आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला दिसला. 113 वर्षांनी. खानदेशाच्या जंगलात डेव्हिडसनसारखा साहेब हिंडला म्हणून हे जमलं. आपल्या जिंतूरच्या टेकड्यांत असा कोणी किती दिवस राहिला?

जुन्या नमुन्यांतून न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं मिळतात. इंग्लंडमधल्या हौशी लोकांनी जमवलेली बहिरी ससाण्याची अंडी पक्षी-अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी वजन करून पाहिली. 1940च्या दशकाच्या उत्तरार्धात, डीडीटी आल्यावर, कवचं एकाएकी पातळ झाली होती. ती अंडी जमवताना कीटकनाशक कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

परभणीत असा ठेवा जपला गेला तो पिकाचा. कृषी विद्यापीठ 1972 चं, पण मेहबूब बागेतल्या संशोधन केंद्राची कापसाशी गाठ विद्यापीठाहून जुनी. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि शेतांतून देशी कापूस जवळपास उठला. केंद्रात त्याच्या वाणांवर काम चालू राहिलं. शेताबाहेरच्या गवताला, फुलपाखरांना आणि दुधनेतल्या माशांना असं हक्काचं घर मिळालं नाही.

परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूरच्या कॉलेजांत वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती: विभागाच्या कपाटात पुठ्ठ्यावर चिकटवलेली झाडं, बाटल्यांतले मासे असतील, तर रंगरंगोटीच्या वेळी ते रद्दीत घालू नका. आणि यंदा विद्यार्थी जे आणतील, त्यावर नुसतं 'परभणी' लिहू नका. गाव लिहा, ओढ्याचं नाव लिहा, तारीख लिहा. पेन्सिलीने लिहा, शाई ओलाव्याने पसरते.