डोळ्यातला अंधबिंदू

खऱ्याखोट्यात अंतर किती? चार बोटांचे, असे जुनी माणसे सांगतात. कान आणि डोळा यांच्यामध्ये चार बोटे मावतात. कानांनी ऐकलेले खोटे असू शकेल, पण डोळ्यांनी पाहिलेले खरेच, असा त्याचा अर्थ. विद्यार्थी मित्रांनो, ही म्हण आज आपण कसोटीला लावून पाहू. साहित्य फार लागत नाही : दोन कोरे कागद, पेन्सिल, पट्टी आणि तुमचा उजवा डोळा.

प्रयोग पहिला

कागदाच्या डाव्या बाजूला एक लहानशी फुली काढा. तिच्या उजवीकडे, त्याच पातळीवर, ८ सेंटिमीटर अंतरावर १ सेंटिमीटर व्यासाचा ठिपका काढून तो काळाभोर करा. आता डावा डोळा हाताने झाका. कागद हातभर लांब, डोळ्यासमोर सरळ धरा आणि उजव्या डोळ्याने फुलीकडे पहा. नजर फुलीवरून हलवू नका; ठिपका कडेने दिसत राहीलच. तसाच कागद सावकाश जवळ आणा. डोळ्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर ठिपका एकाएकी नाहीसा होईल. कागद आणखी जवळ आणा, की ठिपका परत हजर! जमले नाही, तर नजर ठिपक्याकडे वळली असे समजा आणि पुन्हा करून पहा.

ठिपका कागदावर आहेच. मग तो गेला कुठे?

हा प्रश्न प्रथम एडमे मारियॉट या फ्रेंच शास्त्रज्ञाने हाताळला. वायूचा दाब आणि आकारमान यांविषयीचा जो नियम आपण बॉईलच्या नावाने शिकतो, त्याला फ्रान्समध्ये मारियॉटचा नियम म्हणतात. तोच हा मारियॉट. डोळ्यातील चेता बरोबर मध्यभागी नसून नाकाच्या बाजूला शिरते, हे शरीरविच्छेदनावरून त्याला माहीत होते. त्या जागेवर प्रकाश पडला तर काय होईल, असा विचार करून त्याने भिंतीवर कागदाचे तुकडे लावले आणि एक डोळा मिटून तो मागेमागे सरकत गेला. एका ठराविक अंतरावर कडेचा तुकडा दिसेनासा झाला. हा शोध १६६८ मध्ये प्रसिद्ध झाला. निरीक्षण अचूक होते, पण त्यावरून मारियॉटने काढलेला निष्कर्ष चुकला. दृष्टिपटल हे पाहण्याचे इंद्रियच नव्हे, त्यामागचा काळसर पडदा हे ते इंद्रिय होय, असे त्याने ठरवले!

असे का होते?

डोळ्याच्या मागच्या आतल्या बाजूला दृष्टिपटल असते. त्यात प्रकाशाची जाणीव घेणाऱ्या पेशी असतात : दंडपेशी दहा कोटींच्या आसपास, तर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी साठ लाखांच्या आसपास. त्यांनी घेतलेली जाणीव सुमारे दहा लाख चेतातंतूंमधून मेंदूकडे जाते. गंमत अशी, की आपल्या डोळ्यात हे तंतू त्या पेशींच्या मागून न जाता पुढून पसरलेले असतात. साहजिकच, बाहेर पडण्यासाठी त्यांना एके ठिकाणी जमून दृष्टिपटलातून आरपार जावे लागते. ही तंतूंची जुडी म्हणजे दृष्टिचेता. ती जिथून बाहेर पडते तिथे दंडपेशी नसतात आणि शंकुपेशीही नसतात. हाच अंधबिंदू. अष्टपाद आणि आपल्या कोकणच्या मासळीबाजारातले माकूळ यांच्या डोळ्यात तंतू पेशींच्या मागूनच निघतात. त्यामुळे त्यांना अंधबिंदू नसतो.

नाव बिंदू असले, तरी हे भगदाड लहान नाही. आकाशात पूर्णचंद्र जेवढा रुंद दिसतो, तसे दहा चंद्र एका ओळीत त्यात मावतील. तुमच्यापासून १० मीटरवर त्याची रुंदी सुमारे १ मीटर भरते. म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाचे डोके त्यात सहज नाहीसे होईल.

मग आपल्याला समोरच्या दृश्यात दोन काळी भोके का दिसत नाहीत? एक कारण सोपे आहे. दोन्ही डोळे उघडे असताना एकाला न दिसणारा भाग दुसऱ्याला दिसतो. शिवाय डोळे सतत हलत असतात. परंतु पहिल्या प्रयोगात एक डोळा झाकलेला होता, नजर स्थिर होती. तरीही ठिपक्याच्या जागी भोक दिसले नाही, कोरा कागद दिसला! याचा उलगडा पुढच्या प्रयोगात होतो.

प्रयोग दुसरा

दुसऱ्या कागदावर तशीच फुली काढा. ८ सेंटिमीटरवर ठिपक्याऐवजी एक जाड उभी रेघ ओढा. मात्र फुलीच्या पातळीवर ती १ सेंटिमीटर तुटलेली ठेवा. आता पूर्वीप्रमाणेच पहा. तुटलेला भाग अंधबिंदूवर येताच रेघ अखंड दिसू लागेल. कागदाला पिवळा रंग दिलात, तर नाहीसा झालेला ठिपका पिवळ्या रंगाने भरून निघेल.

पहिल्या प्रयोगात असलेली वस्तू दिसली नाही. दुसऱ्यात नसलेली वस्तू दिसली. डोळ्याकडून त्या जागेची काहीच वार्ता येत नाही, तेव्हा मेंदू आजूबाजूला काय आहे ते पाहून ‘इथेही तसेच असावे’ असे धरून चालतो. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच म्हटले होते, की पाहणे म्हणजे आपल्या नकळत केलेले अनुमान होय. हे अनुमान बहुतेक वेळा बरोबर येते. म्हणूनच ते अनुमान आहे हे आपल्या ध्यानात येत नाही.

हा केवळ खेळ नव्हे

काचबिंदू नावाचा डोळ्याचा विकार आहे. (मोतीबिंदू वेगळा, त्यात डोळ्यातले भिंग गढूळ होते.) काचबिंदूत दृष्टिचेतेचे तंतू हळूहळू मरत जातात. पुष्कळदा डोळ्यातील द्रवाचा दाब वाढलेला असतो. त्याच्या नेहमीच्या प्रकारात डोळा दुखत नाही की लाल होत नाही. कडेच्या दृष्टीत जागोजागी खंड पडतात, पण रोग्याला काळे डाग दिसत नाहीत. दुसरा डोळा सांभाळून घेतो आणि मेंदू उरलेली रिकामी जागा भरून काढतो. अगदी तुम्ही पाहिलेल्या तुटक्या रेघेसारखी! माणूस वाचतो, नाणी ओळखतो, ‘मला चांगले दिसते’ असे खात्रीने सांगतो. त्याच्या ध्यानात येते तेव्हा बरीच दृष्टी गेलेली असते आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. वेळेवर कळले तर मात्र औषधाच्या थेंबांनी, लेसर किरणांनी किंवा शस्त्रक्रियेने पुढची हानी बहुधा रोखता येते.

कळावे कसे? डॉक्टर डोळ्यातला दाब मोजतात, दृष्टिचेतेचे टोक तपासतात आणि दृष्टिक्षेत्राचा नकाशा काढतात. यासाठी रोग्याचा एक डोळा झाकतात आणि त्याला समोरच्या खुणेवर नजर स्थिर ठेवायला सांगतात. कडेला निरनिराळ्या ठिकाणी बारीक दिवे लागतात. दिसला की त्याने कळ दाबायची. ओळखीचे वाटते ना? तुम्ही फुली आणि ठिपका घेऊन जे केलेत, त्याचेच हे सुधारलेले रूप. निरोगी डोळ्याच्या नकाशातही अंधबिंदूची जागा रिकामीच उमटते.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून घ्यावा. प्रत्येकाने आपापले अंतर मोजून फळ्यावर लिहावे. तुम्ही घरी तो आई-वडिलांना, आजी-आजोबांनाही करून दाखवा. मात्र कागदावरच्या ठिपक्याने काचबिंदूची परीक्षा होत नाही, हे त्यांना सांगा. चाळिशी उलटलेल्यांनी, विशेषतः ज्यांच्या आईवडिलांना वा भावंडांना काचबिंदू झाला आहे त्यांनी, ‘दिसते आहे ना’ एवढ्यावर न थांबता डोळ्यांच्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्यावी.