अपारंपरिक अर्जदार (वैद्यकीय शिक्षण)

अपारंपरिक अर्जदार ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वैद्यकीय प्रवेशप्रक्रियेत रूढ असलेली संज्ञा आहे. पदवीच्या काळातच आवश्यक विज्ञान विषय पूर्ण करून थेट वैद्यकीय महाविद्यालयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याहून निराळ्या वाटेने येणारा उमेदवार या संज्ञेत मोडतो. शिक्षक, सैनिक, अभियंते, वादक अशा अनेकांचा त्यात समावेश होतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः वकिली सोडून वैद्यकाकडे वळणाऱ्यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेत कायदा आणि वैद्यक हे दोन्ही अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत. कायद्याची जे.डी. ही पदवी तीन वर्षांची, तर वैद्यकाची एम.डी. किंवा डी.ओ. ही पदवी चार वर्षांची असते. त्यामुळे वकिलाजवळ प्रवेशासाठी लागणारी मूळ पदवी असतेच. उणीव असते ती प्रयोगशाळेतील विज्ञानाची. ही अट रुजण्यात अब्राहम फ्लेक्सनर यांच्या १९१० सालच्या अहवालाचा मोठा वाटा आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आधी महाविद्यालयात जीवशास्त्र, रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र शिकलेले असावे, असा आग्रह त्यांनी धरला. फ्लेक्सनर स्वतः डॉक्टर नव्हते. लुइव्हिल येथे ते शाळा चालवीत असत.

पूर्वतयारी

जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र या विषयांचा प्रत्येकी एक वर्षाचा, प्रयोगांसह अभ्यास बहुतेक महाविद्यालयांना अपेक्षित असतो. अनेक ठिकाणी जीवरसायनशास्त्रही लागते. सामान्य रसायनशास्त्र झाल्याखेरीज सेंद्रिय आणि सेंद्रिय झाल्याखेरीज जीवरसायन घेता येत नाही, म्हणून कितीही घाई केली तरी हा काळ फारसा आटोपता येत नाही. व्यवसाय बदलणाऱ्यांसाठी काही विद्यापीठांत पदव्युत्तर पूर्ववैद्यकीय वर्ग चालतात. कोलंबिया विद्यापीठातील असा वर्ग १९५५ पासून सुरू आहे. ब्रिन मॉर महाविद्यालयातील वर्गही प्रसिद्ध आहे. नोकरी सांभाळून सायंकाळी शिकणाऱ्यास अर्थातच अधिक वर्षे लागतात.

गुणांची मोजणी वकिलांना बहुधा अडचणीची ठरते. एम.डी. महाविद्यालयांच्या सामाईक अर्जसेवेत पदवीचे गुण आणि कायद्यासारख्या पदव्युत्तर शिक्षणाचे गुण स्वतंत्र दाखविले जातात. पदवीनंतर घेतलेले विज्ञानाचे पूर्वविषय मात्र पदवीच्या खात्यात मिळविले जातात. म्हणून कायद्यातील उत्तम श्रेणीने विशीतील कच्चे गुण झाकले जात नाहीत. ते रसायनशास्त्राच्या वर्गातच भरून काढावे लागतात.

यानंतर एमकॅट ही प्रवेशपरीक्षा असते. तिचे सध्याचे स्वरूप २०१५ पासूनचे असून चार विभागांत मिळून ४७२ ते ५२८ या पट्टीवर गुण दिले जातात. त्यांपैकी एक विभाग निव्वळ वाचन व युक्तिवादाचा आहे. दस्तऐवज वाचण्यात मुरलेल्या वकिलास तो सोपा जाण्याचा संभव असतो. उरलेल्या तीन विभागांत मात्र वकिलीचा अनुभव फारसा उपयोगी पडत नाही.

मुलाखत

वकिली का सोडली, हा प्रश्न मुलाखतीत जवळजवळ निश्चित असतो. त्यामागची शंका रास्त आहे: एक व्यवसाय सोडणारा दुसराही सोडील काय? 'कायद्याचा कंटाळा आला' एवढे उत्तर येथे अपुरे पडते. रुग्णालयातील स्वयंसेवा, डॉक्टरांच्या सोबत राहून केलेले निरीक्षण आणि रुग्णांशी आलेला प्रत्यक्ष संबंध यांतून ओढ सिद्ध करावी लागते. चाळिशीतल्या उमेदवारालाही त्यातून सूट नसते.

काळ व खर्च

बत्तिसाव्या वर्षी निर्णय घेतलेल्या वकिलाची दोन वर्षे पूर्वविषयांत, एक वर्ष अर्जप्रक्रियेत, चार वर्षे महाविद्यालयात आणि किमान तीन वर्षे निवासी प्रशिक्षणात जातात. म्हणजे स्वतंत्र व्यवसायास आरंभ बेचाळिसाव्या वर्षी. शस्त्रक्रियेसाठी निवासी काळ पाच, मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी सात वर्षांचा आहे. वयाची कमाल मर्यादा नाही. संघीय साहाय्य घेणाऱ्या संस्थांना १९७५ च्या कायद्याने वयावरून भेदभाव करण्यास मनाई आहे.

खरी कसोटी पैशाची असते. मिळकत थांबते आणि कर्ज वाढते. २०२५ च्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना वैद्यकासाठी वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलर एवढेच संघीय कर्ज घेता येते. शिवाय विद्यार्थ्याच्या सर्व संघीय शैक्षणिक कर्जांना मिळून २,५७,५०० डॉलरची आजन्म मर्यादा आहे. कायद्याच्या शिक्षणासाठी पूर्वी घेतलेले कर्ज फेडलेले असले तरी या मोजणीत धरले जाते.

भारतातील स्थिती

भारतात एम.बी.बी.एस. बारावीनंतरच सुरू होते, त्यामुळे वकिलाच्या पदवीला प्रवेशात काहीही वजन नाही. त्याला 'नीट' परीक्षा सतरा-अठरा वर्षांच्या मुलांबरोबरच द्यावी लागते. या परीक्षेसाठी असलेली २५ वर्षांची (राखीव प्रवर्गांसाठी ३० वर्षांची) कमाल वयोमर्यादा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये रद्द केली. बारावीला जीवशास्त्र नसलेल्यांनी पुढे तो विषय मान्यताप्राप्त मंडळाकडून अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण केल्यास, २०२३ पासून तेही परीक्षेस पात्र ठरतात.