फेफरे येणारे कुत्रे आणि त्याची जोपासना

शिराळा तालुक्यात वारणा व मोरणा यांच्या खोऱ्यांत डोंगरउतारावर अनेक वाड्यावस्त्या विखुरलेल्या आहेत. अशा वस्तीवर कुत्रे हा घरचा राखणदार असतो. उसाच्या फडात बिबट्या शिरल्याची वर्दी पुष्कळदा तेच प्रथम देते. बहुधा ते विकत आणलेले नसते. पावसात भिजत दारी आलेले पिल्लू चतकोर भाकरीवर तेथेच रुळते.

असे एखादे कुत्रे वयात आल्यावर एके दिवशी अकस्मात कोसळते. अंग ताठते, पाय झाडले जातात, तोंडास फेस येतो. एकदोन मिनिटांत झटका ओसरतो. परंतु तेवढ्यात 'कुत्रे पिसाळले' अशी हाकाटी होते व काठ्या उगारल्या जातात. वास्तविक ते फेफरे, म्हणजे अपस्मार, असू शकते. औषधावर वर्षानुवर्षे जगू शकणारा जीव अज्ञानापायी हकनाक मारला जाऊ नये, यासाठी दोहोंतील भेद जाणणे अगत्याचे आहे.

फेफरे हा मेंदूच्या कार्यातील तात्पुरता बिघाड होय. आनुवंशिक स्वरूपाचे फेफरे बहुधा ६ महिने ते ६ वर्षे या वयात प्रथम दिसते. झटक्यानंतर कुत्रे काही काळ भांबावते, अडखळते आणि मग पूर्ववत होते. पिसाळलेले कुत्रे पूर्ववत होत नाही. त्याचा आवाज बदलतो, लाळ गळते, गिळणे अवघड होते. ते चावत सुटते किंवा अंधारात दडते आणि लक्षणे दिसू लागल्यावर साधारणतः १० दिवसांच्या आत मरते. मात्र त्या रोगातही झटके येतात. म्हणून लस न टोचलेल्या कुत्र्यास झटका आल्यास त्याला वेगळे कोंडावे, लाळेस स्पर्श करू नये व पशुवैद्यकास कळवावे. कोणास चावा झाला असल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता दवाखाना गाठून लस घ्यावी.

झटका चालू असता कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये, पाणी पाजू नये. कांदा किंवा पायताण हुंगविल्याने काहीही साधत नाही. जवळचे दगड व अवजारे दूर करावीत आणि घड्याळ पाहावे. झटका ५ मिनिटांहून अधिक लांबल्यास तातडीने उपचार हवेत. प्रत्येक झटक्याची तारीख, वेळ व अवधी वहीत टिपून ठेवावा. पशुवैद्यकास औषधाचे प्रमाण ठरविताना ही नोंद मोलाची ठरते.

या विकारावर बहुधा फिनोबार्बिटोनच्या गोळ्या दर १२ तासांनी देतात. माणसाच्या अपस्मारावर हे औषध १९१२ पासून वापरात आहे. त्याने रोग समूळ जात नाही, परंतु झटके विरळ होतात. भूक व तहान वाढते. यकृतावरील परिणाम पाहण्यासाठी अधूनमधून रक्त तपासावे लागते. बरे वाटले म्हणून गोळी एकाएकी बंद केल्यास झटके उसळतात व प्राणावर बेतते. गोळ्या चिठ्ठीवाचून मिळत नाहीत. तेव्हा पावसाळ्यात ओढ्यांना पूर येऊन वाट अडण्यापूर्वीच पुरेसा साठा करून ठेवावा.

अशा कुत्र्यास कठडा नसलेल्या विहिरीपासून व चुलीपासून दूर ठेवावे. त्याची पैदास करू नये. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने रेबीजची लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी. अवघड रोग्याबाबत शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा सल्ला घेता येतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती वस्तीवस्तीवर पोहोचवावी. दोन वेळची गोळी आणि एक वही, एवढ्या जपणुकीवर घरचा राखणदार पुष्कळ वर्षे दारात राहू शकतो.