बंड्या आणि निळा डबा: पाळीव पोपटाची कॅरियरची भीती कशी काढायची

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांचा एक इयरफोन कायमचा हरवलाय, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना झालेले 'म्हणजे ना' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे उडवलेत.

आज बंड्याबद्दल. बंड्या म्हणजे माझा कॉकाटील. राखाडी अंग, पिवळं तोंड, गालावर केशरी ठिपका, डोक्यावर तुरा. मूळचा ऑस्ट्रेलियातला पोपट, वजन जेमतेम ९० ग्रॅम. (पोपट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर येतो तो हिरवा, लाल चोचीचा आपला देशी पोपट घरी पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यामुळे 'कुठे मिळेल?' असे मेसेज नकोत, प्लीज.)

तर झालं असं. गेल्या दिवाळीत रात्री साडेनऊला खाली कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. कॉकाटील अंधारात दचकले की पिंजऱ्यातच सैरभैर उडतात, दांड्यांवर आपटतात. बंड्याचं पंखातलं एक नवं पीस मोडलं. वाढत्या पिसाच्या नळीत रक्त असतं, ते मोडलं की नळ उघडा राहिल्यासारखं वाहतं. डॉक्टर फोनवर म्हणाले, लगेच आणा. मी निळा कॅरियर बाहेर काढला आणि बंड्याने तो पाहिला. पुढचा पाऊण तास तो पडद्यावर, पंख्यावर, फ्रिजच्या मागे, आणि आम्ही टॉवेल घेऊन त्याच्या मागे. भिंतीवर रक्ताचे ठिपके. आई रडायला लागली. बंड्या वाचला, पण तो पाऊण तास माझ्यामुळे गेला होता.

माझ्यामुळे का, ते सांगतो. कॅरियर वर्षातून दोनदाच माळ्यावरून खाली यायचा. तो आला की टॉवेल, टॉवेलमागून रिक्षाची धडधड, मग अनोळखी हात आणि नखं कापणं. बंड्याच्या डोक्यात हा सगळा सिक्वेन्स पक्का सेव्ह झाला होता. त्याला डब्याची भीती नव्हतीच, डब्यानंतर जे होतं त्याची होती. आणि पोपट म्हणजे शेवटी कुणाचं तरी भक्ष्य. मागून येऊन झडप घालणारी गोष्ट त्याच्यासाठी ससाणाच, मग ती मायेने गुंडाळलेला टॉवेल का असेना. शिवाय पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड हलवून ते श्वास घेतात. छाती दाबून धरली की श्वासच अडकतो. मी इतकी वर्षं नेमकं तेच करत होतो.

जखम भरल्यावर शून्यापासून सुरुवात केली. कॅरियर माळ्यावरून कायमचा खाली आला. दार काढून ठेवलं आणि डबा हॉलच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. किती लांब? बंड्या जेवणं थांबवणार नाही इतका लांब. हे माप सगळ्यात महत्त्वाचं. तुरा डोक्याला चापून बसला आणि तो फिस्स करायला लागला, तर तुम्ही फार जवळ आलात. तुरा ताठ उभा म्हणजे दचकलाय. सैलसर, किंचित वर असेल तर ठीक चाललंय. रोज थोडं थोडं पुढे सरकवलं. तीन दिवस काहीच नाही, चौथ्या दिवशी मला घाई झाली, एकदम दोन फूट पुढे नेला आणि आठवडाभर मागे गेलो. कोड असतं तर रोलबॅक केलं असतं. इथे माफी मागायला फक्त खाऊ होता.

खाऊ म्हणजे राळ्याचं कणीस. पेट शॉपमध्ये 'मिलेट स्प्रे' म्हणून मिळतं ते आपलं राळंच, आजीने लगेच ओळखलं. ते आता पिंजऱ्यात कधीच मिळणार नाही, फक्त कॅरियरजवळच, असा नियम केला. सोबत एक चॉपस्टिक. चोच टोकाला लागली की 'टॉक' आणि दोन दाणे. एकदा हा खेळ समजला की काडी जिथे जाईल तिथे पक्षी आपण होऊन येतो. आधी डब्याशेजारी, मग उंबऱ्यावर, मग एक पाय आत. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं, आणि त्याला बाहेर जायचं असेल तर जाऊ द्यायचं. ढकलायचं नाही. बाहेर पडता येतं हे कळल्यावरच तो आत जायला लागला.

दाराचं प्रकरण वेगळं. आधी नुसतं हलवलं, मग एक सेकंद बंद, मग पाच. मग डबा उचलून ठेवला. मग लिफ्टपर्यंत. मग रिक्षात बसून कोपऱ्यापर्यंत आणि परत, डॉक्टरकडे न जाता. रिक्षावाले काका म्हणाले, "याला फिरवायला आणलंय?" मी म्हटलं, हो. आत दांडी खाली, आडवी बसवा, तळाला टॉवेल अंथरा, पाण्याच्या वाटीऐवजी काकडीची चकती, आणि डबा तीन बाजूंनी झाका.

आता, उद्याच इमर्जन्सी आली तर? ट्रेनिंगची वाट बघू नका. पक्षी आजार लपवतात, दिसायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. पंखा बंद, मग दिवा बंद. अंधारात त्यांना नीट दिसत नाही, उडत नाहीत, हळूच उचलता येतं. आणि अशा वेळी शिकवलेला कॅरियर वापरू नका. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका वेगळा ठेवा, म्हणजे झालेली मेहनत वाया जात नाही.

आमचं सगळं मिळून सात आठवडे लागले. तुमचं तीनात होईल किंवा पंधरात. काल नखं कापायला गेलो. काडी दाखवली, बंड्या आत गेला, कणसावर चोच मारली आणि माझ्या ऑफिसच्या कॉलची रिंगटोन शिट्टीने वाजवली. रिक्षात बसेपर्यंत तेच. काकांनी दोनदा स्वतःचा फोन चेक केला.